मांजा उच्च न्यायालयात कसा पोहोचला?

खटला म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एक भांडणारा या बाजूला, दुसरा त्या बाजूला, मधे उंच खुर्चीवर न्यायाधीश. सिनेमात तर हमखास असंच दाखवतात. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरात काही वर्षांपूर्वी एक खटला असा उभा राहिला की त्यात तक्रार घेऊन कुणी आलंच नव्हतं. कुणी वकील लावला नाही, कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही. आणि खटला होता कशाबद्दल? पतंगाच्या दोऱ्याबद्दल!

संक्रांतीच्या तोंडावरचे दिवस होते. नायलॉनच्या मांजाने माणसं जखमी झाल्याच्या, पक्षी अडकल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. वर्तमानपत्र जसं तुमच्या घरी येतं तसं न्यायाधीशांच्या घरीही येतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या शहरातल्या औरंगाबाद खंडपीठाने त्या बातम्यांवरूनच जनहित याचिका सुरू केली. याला स्वतःहून दखल घेणं म्हणतात. कोर्टातली मंडळी ‘सुमोटो’ म्हणतात. प्रश्न सरळ होता : या दोऱ्यावर बंदी आहे, मग तो बाजारात येतोच कसा? त्याचं उत्तर द्यायची पाळी सरकारी यंत्रणांवर आली.

आता तुमच्यातलं कुणीतरी नक्की विचारेल, तक्रारदारच नाही तर त्याची बाजू मांडणार कोण? छान प्रश्न आहे. अशा वेळी न्यायालय एखाद्या वकिलाला सांगतं, या कामात आम्हाला मदत करा. त्या वकिलाला न्यायमित्र म्हणतात. तो कुठल्याच पक्षाचा वकील नसतो. कागदपत्रं तपासायची, काय चुकतंय ते शोधायचं आणि न्यायाधीशांसमोर मांडायचं, हे त्याचं काम.

जालना रोडने सिडको बसस्थानकाकडे जाताना ही उच्च न्यायालयाची इमारत तुम्ही पाहिली असेल. काळे कोट घातलेली माणसं, फायलींचे गठ्ठे, फाटकावर पोलीस. आत काय चालतं ते मुलांना कुणी फारसं सांगत नाही, आणि मला तेच खटकतं. कारण त्या इमारतीला जसं तुमच्या आईबाबांचं म्हणणं ऐकावं लागतं तसं तुमचंही ऐकावं लागतं. शिवाय ती इमारत आपल्याला सहज मिळालेली नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला. त्यानंतरची कितीतरी वर्षं इथल्या माणसाला उच्च न्यायालयात दाद मागायची तर मुंबई गाठावी लागे. नांदेडच्या किंवा परभणीच्या शेतकऱ्याने गाडीभाडं, मुक्काम, वकील असा सगळा खर्च करून मुंबईला जायचं आणि तिथे कळायचं, पुढची तारीख पडली! अखेर २७ ऑगस्ट १९८१ पासून न्यायाधीश इथे, याच शहरात बसू लागले. आज मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांबरोबर अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा १२ जिल्ह्यांचं काम इथे चालतं. न्याय जवळ आला की तो मागणारी माणसं वाढतात, असं माझं ठाम मत आहे.

बरं, वर्तमानपत्रातली बातमी वाचून सरकारला जाब विचारायची ताकद न्यायाधीशांना दिली कुणी? संविधानाने. त्यातलं २२६ वं कलम उच्च न्यायालयाला ही ताकद देतं आणि ३२ वं कलम सर्वोच्च न्यायालयाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ३२ वं कलम इतकं मोलाचं वाटायचं की संविधान सभेत बोलताना त्यांनी त्याला संविधानाचं हृदय आणि आत्मा म्हटलं होतं. का बरं? हक्क कागदावर कितीही लिहून ठेवले तरी ते मोडल्यावर दाद मागायला जागा नसेल तर त्यांचा उपयोग काय, म्हणून. ज्या १९५० साली संविधान लागू झालं त्याच साली बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय सुरू केलं. नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय ते हेच. दाद मागायला जागा हवी आणि ती मागता यावी म्हणून शिक्षणही हवं. बाबासाहेबांनी दोन्हींसाठी आयुष्य वेचलं.

आता जरा दोऱ्याकडे येऊ. हा दोरा एवढा वाईट का?

नायलॉन निसर्गात मिळत नाही. १९३५ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं. आधी त्याचे दात घासायच्या ब्रशचे केस झाले, मग पायमोजे. नायलॉन म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. वितळलेलं नायलॉन बारीक छिद्रातून बाहेर काढलं की या साखळ्या ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. मग तो धागा जोराने ताणतात. ताणला की साखळ्या सरळ होतात, एकमेकींशेजारी शिस्तीत उभ्या राहतात आणि घट्ट धरून बसतात. म्हणून एवढासा धागा सहजासहजी तुटत नाही. सुती दोऱ्याचं तसं नाही. कापसाचे आखूड तंतू पिळून तो बनतो. फार ताण आला की तंतू एकमेकांवरून सरकतात आणि दोरा तुटतो. पतंग उडवणाऱ्याला याचा राग येतो खरा, पण खालून जाणाऱ्याचा जीव त्या तुटण्यामुळेच वाचतो! काच लावलेला सुती मांजाही बोट कापतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. फरक इतकाच की जोर वाढला की तो हार मानतो. नायलॉन हार मानत नाही.

आता पाटी-पेन्सिल घ्या, एक गणित करू. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलंय. समजा, दोरा अर्धा मिलिमीटर जाड आहे आणि गळ्यावर १० सेंटिमीटर टेकला. किती जागा झाली? अर्धा चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच जोराने १० सेंटिमीटर रुंदीचा मफलर तेवढ्याच लांबीत टेकला असता तर जागा झाली असती १०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दोऱ्याचा दाब मफलरच्या २०० पट! त्यात दोरा नुसता टेकत नाही, सरकतो. आणि त्याला काचेची पूड लावलेली असते.

दुसरं गणित वेगाचं. क्रांती चौकाच्या उड्डाणपुलावरून कुणी ताशी ४० किलोमीटर वेगाने दुचाकीवर चाललंय. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. आडवा आलेला पारदर्शक दोरा साधारण तीन मीटरवर आल्यावर दिसला, असं धरू. दिसणं आणि गळ्याला लागणं यांत वेळ उरतो जेमतेम पाव सेकंद. डोळ्यांनी पाहायचं, मेंदूने ओळखायचं, हाताला ‘ब्रेक दाब’ म्हणून निरोप पाठवायचा, एवढ्यालाच माणसाला पाव सेकंद लागतो. म्हणजे ब्रेकवर बोटं आवळली जातात तेव्हा दोरा गळ्याशी पोहोचलेला असतो. गाडी चालवणारा कितीही सावध असला तरी तो काही करू शकत नाही. ज्याच्या हातात चक्री आहे, तोच करू शकतो.

संक्रांत संपते, दोरा मात्र संपत नाही. सुती दोरा कापसाचा असल्यामुळे बुरशी आणि जिवाणू त्याला खाऊन टाकतात. नायलॉन खाणं त्यांना जमत नाही. म्हणून तो झाडांवर, तारांवर तसाच लोंबकळत राहतो आणि फेब्रुवारीत, मार्चमध्येही घारी, घुबडं, बगळे त्यात पंख अडकवून घेतात. पंख झाडावर अडकलेला पक्षी कसा मरतो ते इथे मी लिहिणार नाही. तुम्ही कुणी पाहिलं असेल तर तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं ऐकूनच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ ला देशभर पतंगासाठीच्या नायलॉन आणि तत्सम कृत्रिम दोऱ्यावर बंदी घातली. नीट वाचा, कशाकशावर : बनवण्यावर, विकण्यावर, साठवण्यावर, विकत घेण्यावर आणि वापरण्यावर. शेवटचे दोन शब्द दुकानदारासाठी नाहीत, ते तुमच्या-माझ्यासाठी आहेत. ‘दुकानात मिळतो म्हणजे चालत असेल’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग आम्ही खेळायचंच नाही का? खेळायचंच! खेळणं हा तुमचा हक्क आहे आणि तो कुणी उपकार म्हणून दिलेला नाही. २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे. ११ डिसेंबर १९९२ ला भारतही त्या करारात सामील झाला. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात तर शाळेला मैदान हवं, असं स्पष्ट म्हटलंय. पण पुलावरून घरी निघालेल्या माणसालाही एक हक्क आहे, जगण्याचा. तो संविधानाच्या २१ व्या कलमात आहे. दोन हक्क असे समोरासमोर आले की काय करायचं? इथे काय झालं ते पाहा. पतंगावर बंदी आली नाही, जीवघेण्या दोऱ्यावर आली. तुमचा खेळ शाबूत राहिला आणि त्या माणसाचा गळाही. कायदा चांगला चालतो तेव्हा तो असा चालतो.

संविधानात हक्कांबरोबर कर्तव्यंही आहेत. ती १९७६ साली ५१ क या कलमात घातली गेली. तेव्हा १० होती, २००२ मध्ये अकरावं आलं. त्यातलं एक कर्तव्य निसर्गाचं रक्षण करण्याचं आणि प्राणिमात्रांबद्दल दया बाळगण्याचं आहे. त्याच्या पाठोपाठचं वाचून तर मला नेहमी आनंद होतो : वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासा वाढवणं. म्हणजे ‘का?’ असा प्रश्न विचारणं हे भारतीय नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे! वर्गात कुणी ‘फार प्रश्न विचारतोस’ म्हणालं तर हे कलम लक्षात ठेवा. अकरावं कर्तव्य मात्र तुमचं नाही, तुमच्या आईबाबांचं आहे : ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाची संधी देणं.

आता एक अवघड प्रश्न. समजा, मुलाच्या हातातल्या नायलॉनच्या मांजाने कुणाला गंभीर इजा झाली. मग दोष कुणाचा?

कायदा पहिल्यांदा विचारतो, मूल किती वर्षांचं? सात वर्षांखालचं असेल तर त्याच्या हातून काहीही घडलं तरी तो गुन्हा नाही. काहीही! सात ते बारा वर्षांचं असेल तर न्यायालय पाहतं, आपण काय करतोय आणि त्याचं पुढे काय होईल हे या मुलाला कळत होतं का? कळण्याइतकी समज नसेल तर गुन्हा नाही. हा नियम १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो २० आणि २१ व्या कलमात आहे. गंमत पाहा, १८६० साली मेंदूत डोकावणारं एकही यंत्र जगात नव्हतं. क्ष-किरणसुद्धा १८९५ मध्ये सापडले. तरीही समज हळूहळू येते, हे कायदा लिहिणाऱ्यांनी मुलांकडे पाहूनच ओळखलं होतं. आज आपल्याला त्याचं कारण माहीत आहे. पुढचा विचार करणारा, मोह आवरणारा मेंदूचा भाग कपाळाच्या अगदी मागे असतो. तो सगळ्यांत शेवटी पक्व होतो, थेट विशीच्या मध्यापर्यंत. ‘पेच लागलाय, आता काटायचाच!’ असं मनात येतं तेव्हा हा भाग तुम्हाला ‘थांब’ म्हणायला शिकत असतो.

सातच्या पुढे आणि अठराच्या आत असलेल्या मुलाला मोठ्यांच्या कोर्टात नेत नाहीत. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांपैकी किमान एक बाई असावी लागते. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, २४ तासांच्या आत मंडळापुढे आणावं लागतं. त्याचं नाव, फोटो, शाळा यांपैकी काहीही छापता येत नाही. मंडळ त्याला समजावून सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, लोकोपयोगी काम करायला लावू शकतं, पालकांना दंडही करू शकतं. १६ ते १८ वयातल्या मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर नियम वेगळे आहेत. पण मुळातला विचार हाच की मूल चुकलं तरी ते सुधारू शकतं आणि त्याच्या माथ्यावर जन्मभराचा शिक्का बसू नये.

मला हा कायदा आवडतो. पण काही मुलं याचा उलटा अर्थ काढतात : ‘आपल्याला काय होतंय?’ ज्याच्या गळ्याला दोरा लागला, त्याला मात्र होतं. तुमचं वय कितीही असलं तरी त्याची जखम तेवढीच खोल असते.

दुचाकीचंही असंच. आपल्या शहरात नववी-दहावीची मुलं शिकवणीला स्कूटर घेऊन जाताना रोज दिसतात. परवाना १८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी, आणि रस्त्यावरच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला. आता अठराखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो : २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं होईपर्यंत परवाना नाही! किल्ली तुम्ही हळूच उचलता, पण उभं राहावं लागतं बाबांना.

तुमच्या वयाकडे कायदा किती बारीक लक्ष ठेवतो, याची आणखी काही उदाहरणं सांगते, कारण ती मला फार नवलाची वाटतात. तुम्ही जन्मायच्याही आधीपासून कायदा तुम्हाला ओळखतो. हिंदू वारसा कायद्यात आईच्या पोटातलं बाळ पुढे जिवंत जन्माला आलं तर त्यालाही संपत्तीत वाटा मिळतो. जन्मल्यावर २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करायची असते. १ मे २०२४ नंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत शिक्षण मोफत आणि सक्तीचं. शिक्षण हक्क कायद्यात शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं या दोन्हींना मनाई आहे. दहा वर्षं पूर्ण झाली की, बँकेची तयारी असेल तर, स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही; शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करणं वेगळं. अठराव्या वर्षी मत देता येतं. १९८९ च्या आधी त्यासाठी एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागायची.

आणि साक्ष द्यायला किती वय लागतं? कितीही चालतं! त्याला वयाची अटच नाही. पाच वर्षांच्या मुलीनेही जे पाहिलं ते ती न्यायाधीशांना सांगू शकते. न्यायाधीश आधी साधे साधे प्रश्न विचारतात, तिला प्रश्न कळतो का आणि समजून उत्तर देता येतं का, एवढंच पाहतात. बारा वर्षांखालच्या लहानग्याला तर शपथ घ्यावीच लागते असंही नाही. मोठी माणसं घरात ‘तू लहान आहेस, मधे बोलू नकोस’ म्हणतात. देशाचं न्यायालय मात्र तसं म्हणत नाही.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्या मराठवाड्यात एक गोष्ट अशी घडते जिथे मुलांनी बोलणं फार गरजेचं आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांबरोबर वर्गातली काही मुलं गावाबाहेर जातात. त्यातली एखादी मैत्रीण पुन्हा शाळेत येतच नाही. मग कुणीतरी कुजबुजतं, तिचं लग्न ठरलंय. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण होण्याआधी केलेलं लग्न हा बालविवाह. तो रोखणारा कायदा २००६ चा आहे. लग्न ठरवणारे, लावून देणारे, सगळ्यांना शिक्षा होऊ शकते. मुलीला शिक्षा होत नाही, हे आधी तिला सांगा, कारण तिला त्याचीच भीती असते. लग्न व्हायच्या आत न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम काढू शकतात आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने लग्नच ठरत नाही. लग्न होऊन गेलं असेल तरी दार बंद झालेलं नसतं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत ती मुलगी ‘हे लग्न रद्द करा’ म्हणून न्यायालयात जाऊ शकते. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांवर, आहे. त्यांना सांगा, बाईंना सांगा, किंवा १०९८ फिरवा. हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत आणि फोन कुणी केला हे गुप्त ठेवतात. कुणी मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, कामाला जुंपत असेल तरी हाच क्रमांक. आपल्याबाबतीत असं काही घडलं तर त्यात आपला दोष नसतो. कधीच नसतो.

‘पण वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे?’ त्याचंही उत्तर कायद्यात आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मुलांना आणि महिलांना वकील मोफत मिळतो, घरचं उत्पन्न किती आहे हे न विचारता. हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. आपल्या शहरात अदालत रोडला जिल्हा न्यायालय आहे. मोफत वकील मिळवून देण्यासाठी प्रत्येक जिल्ह्याला एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. त्याचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश आणि सचिवही न्यायाधीशच. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक फिरवा.

या प्राधिकरणाचं आणखी एक काम फारच थोड्या शाळांना ठाऊक आहे. न्यायाधीश आणि वकील शाळेत येऊन मुलांशी कायद्याबद्दल बोलतात, आणि शाळेत विधी साक्षरता मंडळही सुरू करता येतं. तुमच्या शाळेत ते नसेल तर वाट पाहत बसू नका. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून एक अर्ज लिहा, मुख्याध्यापकांची सही घ्या आणि वर पत्ता घाला : प्रति, सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, छत्रपती संभाजीनगर. खाली विचारायचे प्रश्नही लिहून पाठवा, म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांना तयारीनिशी यावं लागेल.